सव्वा वीत

नळी सातपूरच्या भंगारातली,
ॲल्युमिनियमची, दीड मीटर, एका जागी पोचलेली.
अण्णांनी ती मांडीवर घेतली, फिरवली,
डोळ्याला लावून उजेडाकडे धरली
आणि तोंड वाकडं केलं.
तांब्यापितळेशिवाय बाकीच्या धातूंना ते
बिनबोलावल्या पाहुण्यासारखं वागवतात.

तांबट आळीतल्या ओट्यावर बसून
त्यांनी एकशे बत्तीस भोकं पाडली,
सुईच्या जाडीची, एका रेषेत,
सेंटीमीटरला एक.
एक्केचाळिसाव्याला ड्रिल सरकलं.
"राहू दे," मी म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
गेलं असतं तरी राहू दिलं नसतं,
अर्धा तास कानशीने घासत बसले.

विज्ञान दिनाला प्रयोगशाळेचे पडदे ओढले,
पंखे बंद.
एका टोकाला फुग्याचं रबर ताणलेलं, त्याला खेटून स्पीकर,
दुसऱ्या टोकातून गॅस.
दगू शिरसाठ म्हणाला, थांबा, आतली हवा आधी निघू द्या.
मग त्याने काडी ओढली
आणि भोकाभोकातून ज्योती उठल्या,
पंगतीला बसल्यासारख्या, एका उंचीच्या.
एक्केचाळिसावी तेवढी डावीकडे कललेली.
अण्णांना आधी तीच दिसली.

मी बटण फिरवलं. चारशे चाळीस.
रांग हलली, फुगली, खचली,
डोंगर, दरी, डोंगर, दरी,
आणि तशीच उभी राहिली.
कुणी चादर झटकावी
आणि झटकतानाच हात थांबावेत, तशी.
मागच्या बाकावरून कुणीतरी "आयला" म्हणालं,
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अण्णा पुढे आले.
नळीच्या खाली दोन बोटं अंतर राखून वीत ताणली,
एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत.
"सव्वा वीत."
मी फळ्यावर अठ्ठावीस सेंटीमीटर लिहिले,
दुप्पट केले, चारशे चाळीसने गुणले.
गॅसमधून आवाज हवेपेक्षा सावकाश चालतो,
सेकंदाला सुमारे अडीचशे मीटर, मुलांनो.
पण सव्वा वीत आधीच सांगून झालं होतं.

मग त्यांनी पिशवीतून हातोडी काढली
आणि अर्धं घडलेलं घंगाळ.
माइकसमोर एक ठोका.
सगळ्या ज्योती एकदम दचकल्या,
खाली वाकल्या, पुन्हा सरळ.
डोंगर नाही, दरी नाही.
"हा थांबत नाही?"
नाही अण्णा, मी ओठ मोठे करून सांगितलं,
ठोका येतो आणि जातो.
"जातो कुठे?" ते म्हणाले,
"पन्नास वर्षांचे सगळे इथे बसलेत."
आणि कानावर बोट ठेवलं.

"आत शिट्टी वाजते. रात्रंदिवस.
तेवढीच ऐकू येते आता. ती दाखव."
आणि माइक ओढून कानाला लावला.

ज्योती उभ्या होत्या, सरळ, शहाण्या,
एक वगळता.
बटण माझ्या हाताशी होतं.
थोडं फिरवलं असतं तर
त्यांच्यासाठी एक लाट उभी राहिली असती.
मुलं माझ्याकडे बघत होती.
मी फिरवलं नाही.
दगूने गॅस बंद केला,
टोकाकडून एकेक ज्योत बुडत गेली
आणि पडदा सरकवल्यावर
आपण सगळे फार साधे दिसलो.

घरी आल्यावर मी चहा टाकला.
दूध घ्यायला वळले, परत बघते तर
अण्णा शेगडीशी वाकलेले,
कान बर्नरच्या बाजूला, डोळे तिरके,
निळ्या कड्याकडे टक लावून.
"अण्णा, केस जळतील!"
मी ओरडले.
ज्योत जरा हलली.
त्यांनी हात वर केला,
थांब म्हणून.